धुणीघरातलं विरजण

शनिवारी दुपारी ऑड्री बसमधून उतरली तेव्हा वाऱ्यावर दोन वास होते. एक बिअरमध्ये पडणारी हॉपची फुलं सुकवणाऱ्या भट्ट्यांचा, सप्टेंबरात सगळ्या खोऱ्यावर पसरणारा, जड, झोप आणणारा. दुसरा तिच्या वडिलांच्या धुणीघरातून येत होता; गरम पाण्यात भिजलेल्या जवाचा, लापशीसारखा. हा दुसरा वास आला म्हणजे ग्लेंडा आलेली असणार, हे तिला फाटकाची कडी काढण्याआधीच कळलं. फाटक तिने उघडलं हलकेच, पण लावलं जरा जोरात.

"आली बघ तुझी पुस्तकवाली," आतून ग्लेंडा म्हणाली.

"ऐकू येतंय मला," ऑड्री म्हणाली.

"ऐकू यावं म्हणूनच म्हटलं. ये, पाय जपून ठेव, फरशी ओली आहे."

धुणीघर म्हणजे स्वयंपाकघरामागची विटांची खोली. कोपऱ्यात बांधून काढलेल्या चुलीवर तांब्याचा मोठा हंडा. आई होती तोवर त्यात दर सोमवारी चादरी उकळायच्या. आई गेली त्या हिवाळ्यात हंडा गारठून पडला होता, आणि वसंतात तिच्या वडिलांनी, गिल्बर्टने, त्यात बिअर उकळायला घेतली. जन्मभर त्याने हॉप सुकवले होते, त्याच्या बापानेही तेच केलं होतं. दुसऱ्यांच्या बिअरसाठी केलं तेवढं पुरे झालं, असं तो म्हणाला. तिच्या भावाला, क्लाइव्हला, बिअर प्यायची हौस होती, करायची नाही. ऑड्री कॅंटरबरीला शाळेच्या ग्रंथालयात लागली होती. मदतीला उरली ती नवी सून, क्लाइव्हची बायको ग्लेंडा. ऑड्री स्वतःची समजूत अशी घालायची: उरली ती. पण उरलेल्या माणसाबरोबर कोणी इतकं हसत नाही.

गिल्बर्टने तिला बघितलं, हात पुसले, आतून खुर्ची आणली, बसायची जागा बाहीने झटकली आणि ती उंबरठ्याबाहेर उन्हात ठेवली. दरवेळी तो खुर्ची बाहेरच ठेवायचा.

"इथे बस. आत वाफ आहे. तुझा चष्मा धुरकटेल."

"चष्मा काढता येतो, डॅड."

"मग वाचशील कशी?"

ती बसली. पिशवीतून पुस्तक काढलं. कोणा बाईने एकटीने वाळवंट ओलांडल्याची हकीकत होती. ती ज्या पानावर होती त्याच पानावर राहिली.

आत जवाचा गोड काढा हंड्यात उकळायला लागला होता. कडवटपणासाठी लागणारे फगल हॉप गिल्बर्टने आधीच टाकले होते. आता शेवटी, वासासाठी, गोल्डिंग टाकायचे होते. त्याने पोत्यातून मूठभर सुकी, फिकट हिरवी फुलं घेतली, तळहातांवर चोळली आणि ओंजळ ग्लेंडाच्या नाकाखाली धरली.

"काय येतंय?"

ग्लेंडाने डोळे मिटले. हिचं गावात केस कापायचं दुकान होतं, आणि बोटांना कायम शाम्पूचा वास. तरी नाक शाबूत कसं, याचं ऑड्रीला नवल वाटायचं. "संत्र्याची साल," ग्लेंडा म्हणाली. "ओलं गवत. आणि..."

"आणि?"

"आणि तुझी ती टोपी. जी तू धुऊ देत नाहीस."

"टोपीला नावं ठेवायची नाहीत. टोपी भट्टीवरची आहे."

"म्हणूनच म्हणते, गिल्बर्ट, पुढच्या वेळी तीच उकळू. हॉप वाचतील."

तो हसला. हसताना त्याचे खांदे हलायचे, आवाज यायचा नाही. तसाच हसत, ओंजळ तशीच धरून, तो दाराकडे वळला. ऑड्रीने पानात बोट घातलं आणि उठण्यासाठी पाय जवळ घेतले.

त्याची नजर पुस्तकावर गेली. त्याने ओंजळ हंड्यावर उघडली आणि हात एप्रनला पुसले.

"तुझं चालू दे," तो म्हणाला. "आम्ही मध्ये येत नाही."

त्या 'आम्ही'ने तिची दुपार नासली. ती सत्तेचाळीस वर्षांची बाई होती. एवढ्याशा शब्दाने असं व्हावं याची तिला लाज वाटली, आणि लाज वाटूनही ते झालंच.

"ऑड्री, हा ढवळायचा दांडा जरा धरतेस का?" ग्लेंडाने हाक मारली. "माझे हात भरलेत."

"तिला कशाला?" गिल्बर्टने दांडा स्वतःच घेतला. "हाताला डाग पडतात याचे. आठवडाभर जात नाहीत."

ग्लेंडाचे हात तपकिरी पिवळे होते. ते तिने एप्रनखाली घेतले नाहीत, उलट कमरेवर ठेवले.

काढा निवायला बराच वेळ गेला. मग तो पांढऱ्या बादलीत उतरवून गिल्बर्टने थंड कपाटातली बरणी आणली. बरणीत यीस्ट होतं, बिअरचं विरजण, घट्ट सायीसारखं. शेजारच्या गावातली बिअर बनवणारी जुनी ब्रुअरी बंद पडली त्या दिवशी तो जगभर शोधून मिळणार नाही असं हे विरजण तिथून दुधाच्या चंबूत घेऊन आला होता. तेव्हापासून एका बिअरवरची साय काढायची, पुढच्या बिअरला लावायची, असं ते त्याने जिवंत ठेवलं होतं. त्याने बरणी उपडी केली. तळाला उरलेलं कोमट पाण्याने खळबळलं आणि तेही बादलीत ओतलं.

"झालं," तो म्हणाला. "आता सगळा वंश या बादलीत."

नंतर स्वयंपाकघरात ब्रेड, चीज आणि व्हिनेगरमधले कांदे घेऊन तिघं बसली. जुन्या पिंपाचा तळ गिल्बर्टने तीन पेल्यांत वाटला. ऑड्रीच्या पेल्यात अर्धाच. तिने घोट घेतला. तो नेहमीप्रमाणे तिच्याकडे बघत होता.

"कशी झालीय?"

"छान," ती म्हणाली.

"छान," तो म्हणाला, आणि कांद्याचा तुकडा करायला लागला.

रविवारी सकाळी बागेत घेवड्याच्या शेंगा तोडताना तो खाली बसला आणि उठला नाही. चॅपलमधल्या प्रार्थनेहून परतणाऱ्या आयव्ही आत्याला तो दिसला. तिला आधी वाटलं, काही शोधतोय.

*

संध्याकाळी सगळी स्वयंपाकघरात जमली होती. आयव्ही आत्याने चहाची किटली पुन्हा पुन्हा भरली. ती गिल्बर्टची धाकटी बहीण, शेजारच्या गल्लीत राहणारी. नखशिखांत चॅपलची, दारूच्या थेंबाला न शिवलेली. भावाच्या धुणीघरासमोरून जाताना ती इतकी वर्षं तोंड दुसरीकडे करायची, आणि भावाला रोज जेवणाचं ताट मात्र झाकून आणून द्यायची. क्लाइव्ह टेबलावर कोपरं टेकून बसला होता. त्याचं तोंड लहानपणी दिसायचं तसं दिसत होतं.

"अंत्यविधी येत्या शुक्रवारी," तो म्हणाला. "पाद्री म्हणाले, त्याआधी जमणार नाही. भट्टीवरची सगळी माणसं येतील. नंतर इथेच बसवू, बागेत."

"सॅंडविच मी करीन," आयव्ही आत्या म्हणाली. "हॅमची."

"आणि डॅडची बिअर," क्लाइव्ह म्हणाला. "तोवर होईल ना ग ती?"

त्याने हे बायकोला विचारलं. ऑड्रीच्या ते लक्षात आलं.

"कोवळी असेल, पण होईल," ग्लेंडा म्हणाली. मागच्या दारापलीकडून बारीक फसफस ऐकू येत होती. बादलीतला फेस झाकण वर ढकलत होता. ज्याने ती लावली तो गेल्याचं तिला कोणी कळवलं नव्हतं. ग्लेंडा उठली. "वरचा पहिला फेस काढायला हवा. घाण असते त्यात. मी आलेच."

"राहू दे," ऑड्री म्हणाली.

"अगं, दोन मिनिटांचं..."

"राहू दे म्हटलं ना. मी बघेन काय ते."

ग्लेंडा उभीच राहिली. "तू?"

"माझ्या वडिलांची शेवटची आहे ती."

"मला माहीत आहे कोणाची आहे. मी होते तिथे."

"तू असतेसच," ऑड्री म्हणाली. आवाज तिने चढवला नाही. तिला चढवता यायचा नाही. ती सगळं खालच्या पट्टीत बोलायची आणि म्हणून ते जास्त लागायचं, असं क्लाइव्ह लहानपणापासून म्हणत आला होता.

"ऑड्री," तो म्हणाला. "आज नको."

"आजच. उद्यापासून इथे कोण येणार, कोण काय उचलणार, कोण काय हलवणार..."

"मी चोर आहे का?" ग्लेंडाने विचारलं.

"तिला तसं म्हणायचं नाही," आयव्ही आत्या मध्ये पडली. तिने ऑड्रीच्या खांद्यावर हात ठेवला. "पोटची पोर आहे ती, ग्लेंडा. तिचा बाप गेलाय. तू सून. थोडं मागे सरायचं असतं अशा वेळी."

आत्याशी ऑड्रीचं कधी फारसं जमलं नव्हतं. त्या क्षणी मात्र तो हात तिला हवासा वाटला. ग्लेंडाने नवऱ्याकडे पाहिलं. क्लाइव्ह कपातल्या चहाकडे बघत होता.

"क्लाइव्ह?"

"आज नको, ग्लेंडा," तो म्हणाला.

ग्लेंडाने मान हलवली, एकदाच. कोट घेतला. दाराशी थांबून ती म्हणाली, "आज काळा फेस काढ. मग पांढरी साय वर येईल, ती मंगळवारी उतरव आणि बरणीत घाल. एवढंच." आणि गेली. मागोमाग क्लाइव्ह.

ऑड्रीने खिळ्यावरची धुणीघराची किल्ली काढून घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली आणि जुडगा पर्समध्ये टाकला. मग ती आत गेली, बाही वर सारून चमच्याने काळा फेस काढला, आणि तो काढताना प्रथमच तिला त्या खोलीत एकटीने उभं राहायला मिळालं. वडिलांची टोपी आकड्यावर होती. तिने नाक जवळ नेलं. तिला घाम आणि धूर यांपलीकडे काही आलं नाही. संत्र्याची साल ग्लेंडाला कुठून यायची कोण जाणे.

*

सोमवारी कचेऱ्या, पाद्री, फुलं. मंगळवारी शाळेने अर्धा दिवस बोलावलं होतं, नव्या पुस्तकांची खोकी दारात पडून होती. घर पाहुण्यांसाठी आवरायला आयव्ही आत्या येणार होती. तिला सगळ्या किल्ल्या लागणार होत्या. ऑड्रीने सोमवारी रात्री जुडगा तिच्या हातात दिला तेव्हा धुणीघराची किल्ली त्यातून काढून ग्लेंडाकडे द्यावी, असं तिच्या मनात आलं होतं. साय काढायला ग्लेंडा धावत आली असती. ऑड्रीने किल्ली जुडग्यातच राहू दिली.

मंगळवारी दुपारी ती नवी बरणी घेऊन फाटकातून आली. चांगली जाड काचेची, रबरी झाकणाची बरणी. कॅंटरबरीत तीन दुकानं फिरून घेतलेली. वाऱ्यावर भट्ट्यांचा वास होता. दुसरा वास नव्हता. त्याऐवजी नाकाला झोंबणारं काहीतरी होतं, पोहण्याच्या तलावाजवळ येतं तसं.

आयव्ही आत्या धुणीघराच्या दारात उभी होती, बाह्या दुमडलेल्या, चेहरा घामाने आणि समाधानाने लाल.

"बघ," ती म्हणाली. "लखलखतंय की नाही? तुझ्या आईच्या वेळी अशी असायची ही खोली."

फरशी पांढरी पडली होती. हंडा आतून घासला होता. बादली भिंतीला टेकून पालथी होती.

"बादलीतलं कुठाय?" ऑड्रीने विचारलं.

"ते नासलं होतं ग."

"आंटी, बादलीतलं कुठाय?"

"अगं, झाकण उचललं तर हा एवढा फेस. जखमेवर खपली धरते तसा. वर तपकिरी, खाली पांढरा पांढरा, बुडबुडे येतायत. मला मळमळलं. म्हटलं, गिल्बर्ट असता तर त्याने असं होऊ दिलं नसतं. तू येऊन हे बघशील, तुला वाटेल बाप गेला आणि त्याची शेवटची वस्तूही कुजली. तुला ते बघायला लागू नये म्हणून ओतून दिलं. दोन वेळा ब्लीच घातलं." तिने ऑड्रीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज बारीक झाला. "नासलंच होतं ना?"

तिने बरणी जमिनीवर ठेवली.

फाटक वाजलं. क्लाइव्हने बाकं आणली होती, बागेत मांडायला. मागे ग्लेंडा होती, रविवारनंतर पहिल्यांदाच. ती चार पावलं आली आणि थांबली. नाक वर केलं. मग कोणाशी काही न बोलता ती धुणीघराबाहेरच्या मोरीपाशी गेली आणि गुडघ्यांवर बसली. जाळीत हॉपच्या पाकळ्या अडकल्या होत्या. तिने त्या बोटांनी वेचल्या, हुंगल्या, आणि जाळीवरच परत ठेवल्या.

"काय झालं?" क्लाइव्ह म्हणाला. "कोणी सांगेल का?"

आत्याने सांगितलं. सांगताना तिला रडू फुटलं. "मला काय माहीत, ती अशीच दिसते म्हणून? मी आयुष्यात झाकण उचललं नव्हतं. मला किल्ली ऑड्रीने दिली."

क्लाइव्ह बहिणीकडे वळला. "हिला? बिअर म्हटलं की रस्ता ओलांडते, हिला दिलीस? ग्लेंडा दोन मिनिटांवर राहते."

"मला माहीत आहे ती कुठे राहते."

"मग?"

उत्तर तिघांनाही माहीत होतं. आत्याही तिच्यापासून एक पाऊल बाजूला झाली होती, आणि रविवारचा तो खांद्यावरचा हात आता एप्रनच्या टोकाशी चाळा करत होता.

"शुक्रवारी माणसं येतील," क्लाइव्ह म्हणाला. "त्याने जन्मभर ज्यांच्याबरोबर हॉप सुकवले ती. गिल्बर्ट विकेंडनच्या बागेत त्यांना दुकानातली बिअर पाजू? आणि ते यीस्ट? ब्रुअरी गेली तरी त्याने मरू दिलं नाही ते. तू दोन दिवसांत..."

"क्लाइव्ह, बास," ग्लेंडा म्हणाली. ती उठली, गुडघे झटकले आणि आत्याजवळ गेली. "तुमची काही चूक नाही, आंटी. पहिल्यांदा मीही घाबरले होते बघून. चला, चहा करू."

ग्लेंडाने ओरडायला हवं होतं. ऑड्रीने त्यासाठी मन घट्ट करून ठेवलं होतं. हा समजूतदारपणाही तिनेच घ्यावा, वडिलांसारखा तोही तिच्याच वाट्याला जावा, हे ऑड्रीला सोसेना.

"कोणाकडे बाटल्या असतील," क्लाइव्ह पुटपुटत होता. "आमच्याकडे तर..."

"आपल्याकडे तू उरवतोस कुठे?" ग्लेंडा म्हणाली. "आणि ज्यांना ज्यांना दिल्या त्यांनी त्याच रात्री संपवल्या. त्याची बिअर कोणी ठेवून देतं का?"

"माझ्याकडे आहेत," ऑड्री म्हणाली.

तिघांनी तिच्याकडे पाहिलं.

"दर वेळी दोन द्यायचा निघताना. पिशवीत ठेवायचा. आहेत माझ्याकडे."

"किती?" क्लाइव्हने विचारलं.

"बऱ्याच."

ग्लेंडा तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. मग तिने नवऱ्याच्या खिशातून गाडीची किल्ली काढली. "चल," ती ऑड्रीला म्हणाली. "आपण दोघीच जाऊ."

*

ग्लेंडा गाडी चालवत होती. हॉपचे मळे अर्धे उतरवून झाले होते. तोडलेल्या वेलींमागे नुसते खांब आणि तारा उरल्या होत्या. एका वळणावर ग्लेंडा म्हणाली, "डावीकडे ना?" आणि ऑड्री म्हणाली, "हो." एवढंच.

ऑड्रीचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं, भिंतीभर पुस्तकांचं. ग्लेंडा तिथे फार तर दोनदा आली असेल. ऑड्री तिला थेट झोपण्याच्या खोलीत घेऊन गेली, कपाट उघडलं आणि लटकवलेले हिवाळी कोट एका बाजूला सारले.

मागे बाटल्या होत्या. तळाशी, पादत्राणांच्या फळीवर, वरच्या खणात चादरींशेजारी. तपकिरी, एकीला एक टेकून उभ्या, कित्येकींच्या झाकणांवर धूळ. काही अजून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या.

ग्लेंडाने पुढची एक उचलली आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरली.

"ही कधीची?"

"ऑगस्टमधली. पुढच्या सगळ्या या उन्हाळ्यातल्या आहेत."

"तळ बघ. यीस्ट बसलंय छान. जिवंत असणार हे." तिने बाटली न हलवता तळाशी बोट टेकवलं. "वरची बिअर पाहुण्यांना. तळाचं मी काढून घेते, थोड्या गोड काढ्यात वाढवते. धरेल. धरायला हवं." बाटली तिने अलगद पलंगावर ठेवली. मग कपाटाकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत. "ऑड्री, यातली एकही उघडली नाहीस तू."

"नाही."

"एकही?"

"मला ती कडू लागते," ऑड्री म्हणाली. "मला ती कधीच आवडली नाही."

ग्लेंडा पलंगाच्या कडेवर बसली. हसली, पण ते हसू तिच्या नेहमीच्या हसण्यासारखं नव्हतं.

"आणि तिथे बसून 'छान' म्हणायचीस."

"काय म्हणणार होते? हॉपवाल्याची मुलगी मी. टाकवतही नव्हत्या. त्याने दिलेल्या होत्या."

"तुला काही कल्पना आहे?" ग्लेंडा म्हणाली. ती शांतपणे बोलायचा प्रयत्न करत होती, पण आवाज तिला जुमानत नव्हता. "तू बसमध्ये चढलीस की तो आत यायचा आणि मला विचारायचा. 'छान म्हणाली. कसं म्हणाली, ग्लेंडा? तू बघत होतीस ना?' मी म्हणायचे, छान म्हणजे छान, गिल्बर्ट. तो म्हणायचा, नाही, तिचं छान म्हणजे दार लावून घेतल्यासारखं असतं. तिला नाही आवडली. मग पुढच्या वेळी फगल कमी करायचा. त्याच्या पुढच्या वेळी आणखी कमी. गोल्डिंग अगदी शेवटी टाकायचा, नुसता वास राहावा म्हणून. का, तर ऑड्रीला आवडेल कदाचित."

"मला तो बोलला नाही."

"तुला कसा बोलेल? तू एवढी शिकलेली. तुझ्यासमोर त्याला आपले हात कुठे ठेवावेत कळायचं नाही. मी बघितलंय." तिने पालथ्या हाताने नाक पुसलं. "मला ती पहिली आवडायची, ऑड्री. लग्नानंतर पहिल्यांदा पाजली ती. जिभेला चावायची. गिळल्यावरही बराच वेळ तोंडात राहायची. अशी बिअर मी कधी प्यायले नव्हते. आणि तो ती दर वर्षी सौम्य करत गेला, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच हातांनी. हंडा मी घासायचा, दांडा मी फिरवायचा, आणि बिअर कोणासाठी? तू महिन्यातून एकदा येणार, अर्धा पेला पिणार, आणि छान म्हणणार. मी एकदाही म्हटलं नाही, गिल्बर्ट, मला पहिलीसारखी कर."

"का नाही म्हटलंस?"

"त्याने केली नसती तर?"

खाली रस्त्यावर शाळा सुटल्याचा गलका होता. ऑड्री कपाटाच्या दाराला टेकून उभी राहिली. हे ऐकून आत काहीतरी मोकळं व्हायला हवं होतं. इतकी वर्षं तो तिच्यासाठीच करत होता. ही बाई शपथेवर सांगत होती, आणि ती खोटं बोलत नव्हती. ऑड्रीने वाट पाहिली. तिच्या डोळ्यांसमोर आलं ते मात्र धुणीघर, वाफेने भरलेलं. ती बसमध्ये बसून गेली आहे, बाहेरची खुर्ची आत घेतली आहे, आणि तो हंड्यापाशी उभा राहून हळू आवाजात काहीतरी विचारतो आहे. आणि समोर उभी राहून ऐकणारी कोण आहे, तेही तिला दिसलं.

"ग्लेंडा."

"काय?"

"मला तुझा हेवा वाटतो. तू आलीस त्या दिवसापासून वाटतो. मी कधी कोणाजवळ बोलले नाही."

ग्लेंडाने मान वर केली. "आता? हे सगळं ऐकून?"

"हे ऐकून जास्त," ऑड्री म्हणाली. "त्याला माझ्याबद्दल विचारायचं असायचं, तेव्हाही त्याच्याजवळ तूच असायचीस."